मी गिळलेली थरथर

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. बाजारहाटाची नव्हे, आणि दप्तर तर मुळीच नव्हे. माझ्या पोटात सुके वाटाणे आहेत आणि माझा जन्म एका फाटक्या जीनच्या पँटमधून झाला. फोटोग्राफर लोक मला बीनबॅग म्हणतात. ते नाव ऐकून तुम्हाला लोळायची गुबगुबीत खुर्ची आठवली असेल, तर ती माझी श्रीमंत नातेवाईक समजा. तिच्यावर माणसे बसतात, माझ्यावर कॅमेरा बसतो.

मला ताईने शिवले. ताई म्हणजे जंगलात पर्यटकांची जीप चालवणारी, खणखणीत आवाजाची बाई. तिचा धाकटा भाऊ फोटोग्राफर. जग त्याला काहीही म्हणो, ती त्याला छोट्याच म्हणायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. छोट्याची लेन्स इतकी जड होती की नुसत्या हातात धरली की फोटो हलायचा. म्हणून ताईने पँटचा पाय कापला, जाड दोऱ्याने शिवला, वाटाणे भरले आणि मला जीपच्या खिडकीवर आडवे टाकले. "घे, आता तुझ्या हातांना उशी," ती म्हणाली.

माझे काम सोपे वाटते, पण ते येरागबाळ्याचे नाही. माणसाच्या हातात सतत काहीतरी हलत असते. कधी श्वास, कधी छातीची धडधड, कधी आनंद. ते सगळे माझ्या पोटात उतरते, वाटाणे जरासे सरकतात आणि वरचा कॅमेरा निवांत राहतो. छोट्याची प्रत्येक थरथर मी ओळखायचे. चित्ता दिसल्यावरची वेगळी आणि ताईने त्याला चिडवल्यावर हसू दाबतानाची वेगळी.

दोघांना एकच वेड होते, धावत्या चित्त्याचा फोटो. चित्ते आधीच दुर्मीळ, त्यात धावायला लागले की डोळ्याचे पाते लवेपर्यंत दिसेनासे होतात. आम्ही वर्षानुवर्षे धुळीचे फोटो काढले, झुडपांचे काढले. एकदा शेपटीचे टोक सापडले, तेव्हा ताई म्हणाली, "छान आलंय हो! उरलेला चित्ता उद्या काढ." छोट्या रुसला, आणि मग दोघेही पोट धरून हसले. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते.

मग एका उन्हाळ्यात एक मादी दिसू लागली. तिची बाकीची पिल्ले तरसांनी नेली होती, एकच उरले होते. त्या उघड्या माळावर झाड नव्हते, म्हणून भर दुपारी मायलेक आमच्या जीपच्या सावलीत येऊन पडायची. इतका विश्वास! ताई तर इंजिन सुरू करण्याआधी दरवेळी दारातून ओणवी होऊन चाकांखाली बघायची.

त्या दुपारी मादी एकाएकी उठली. दूर हरणे होती. ती दबकत गेली, आणि सुटली. छोट्या ओरडला, "ताई, पळाली! चल, चल, चल!"

ताईने किल्ली फिरवली. त्या एका वेळी ती ओणवी झाली नाही. गाडी जेमतेम हातभर पुढे गेली आणि थांबली. पिल्लू मागच्या चाकाशी झोपले होते.

मादी परत आली, रिकाम्या तोंडाने. मित्रांनो, चित्ता डरकाळी फोडत नाही. पिल्लाला तो पाखरासारखा चिवचिवून बोलावतो. ती चाकाजवळ उभी राहून चिवचिवू लागली. थांबायची, ऐकायची, पुन्हा बोलवायची. ताईने स्टीअरिंगवर डोके टेकले होते. आणि छोट्याने माझ्यावर कॅमेरा ठेवला.

"नको रे छोट्या," ताई म्हणाली. "राहू दे."

त्याने बटण दाबले. का दाबले ते मला आजही सांगता येत नाही. हाताची सवय असेल, किंवा समोरचे नुसत्या डोळ्यांनी बघवत नसेल. पण त्याचा हात कसा होता ते मला ठाऊक आहे. तसा थरकाप मी कधीच अनुभवला नव्हता. त्याचे खांदे, कोपरे, दात, सगळे थडथडत होते. मी माझे काम चोख केले आणि सगळे गिळून टाकले.

फोटो आरशासारखा स्वच्छ आला. त्याला मोठे बक्षीस मिळाले. मोठ्या दालनात लोक त्यापुढे उभे राहून म्हणत, काय स्थिर हात आहे! चाक कुणाचे होते ते मात्र चौकटीबाहेर राहिले.

ताई एकदा तिथे आली. तिने तोवर जीप चालवणे सोडले होते. मी छोट्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. ती फोटोच्या अगदी जवळ गेली.

"मादीची एक मिशीसुद्धा हललेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तेव्हापासून चमचा नीट धरता येत नाही. तुझा हात जरासुद्धा हलला नाही का रे?"

छोट्या खांद्यावरचा पट्टा सावरू लागला. मी आतून आक्रोश करत होते, पण वाटाण्यांना कुठली वाचा? ताई गेली. त्यानंतर ती त्याच्या घरी आली नाही.

छोट्याने कॅमेरा विकून टाकला. मी कपाटावर पडून आहे. वाटाण्यांना भुंगे लागले आहेत, पोटाचे पीठ होत चालले आहे, शिवण उसवते आहे. ताई पलीकडच्याच गल्लीत राहते. छोट्या फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. मग मला मांडीवर घेऊन बसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, उन्हात वाळवा, जपा. माझ्यासाठी मला काही नको. मागणे एवढेच, की तुमचा हात थरथरला असेल तर ते आपल्या माणसाला तोंडाने सांगा. त्याला ते फोटोत दिसत नाही. "ताई, माझाही हात हलला होता गं." बस, एवढेच वाक्य.

छोट्या ते रोज म्हणतो. पण मला म्हणतो.