तिघींतली एक ठेवायची

मी जीप बोलतेय. सरकारी, पांढरी, सोलापूरच्या एका आवारातली. आधीच सांगते, माझं बोलणं सरळ लागणार नाही. सध्या माझा नुसता जळफळाट चाललाय.

कारखान्यातून आले ती राजेसाबच्याच हातात. राजेसाब म्हणजे आमच्या कार्यालयाचा ड्रायव्हर. रोज सकाळी फडक्यानं पुसताना माझ्याशी गप्पा मारायचा. मला वाटायचं, हा माझ्या एकटीचा.

आवारात आणखी दोन कार्यालयं आणि त्यांच्या दोन जीपगाड्या. माणसांची तऱ्हा बघा. एकाच सोमवारी तिन्ही साहेब मोहोळला निघायचे, तीन गाड्यांत एकेकटे बसून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डिझेल सरकारचं होतं.

मग तिन्ही कार्यालयांच्या वरच्या अधिकारी म्हणून शुभदा मॅडम बदलून आल्या. सरकारची मिळकत कमी, खर्च जास्त, तेव्हा जिथं जमेल तिथं कपात करा, असा वरून आदेश होता. मॅडमनी भाड्याचं गोदाम सोडलं, रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करायला लावले आणि दौरे तिघांनी मिळून करायचे ठरवलं. गाडी एकच ठेवायची, बाकीच्या दोन लिलावात.

"राजेसाब, तुम्हीच सांगा, कोणती ठेवू?"

मी निर्धास्त होते.

"शेजारची ठिवा मॅडम," तो म्हणाला. "आमची लई डिझेल पिती की. खोटं कशाला बोलू?"

त्या शेजारणीचा रंग उडालेला, दार दोरीनं बांधलेलं! काय बघितलं हो त्यानं तिच्यात? आता सकाळचं फडकं तिच्या अंगावरून फिरतं. त्यावर कहर म्हणजे, नवे सुटे भाग विकत घ्यायचे नाहीत म्हणून माझेच काढून तिला लावतात.

परवा बॅटरी काढताना राजेसाब माझ्या बॉनेटवर हात ठेवून थोडा थांबला. "वाईट वाटून घिऊ नगंस. तुजी ब्याटरी चांगली हाय, वाया कशाला घालवायची?"

माझ्या बॅटरीवर ती सवत पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि तिघा साहेबांना घेऊन बार्शीला गेली.

मी आता विटांवर उभी राहून लिलावाची वाट बघतेय. मॅडमचं म्हणणं मला पटतं, खरंच पटतं. वाचवा पैसे. आरसे घ्या, सीट घ्या, हॉर्नसुद्धा घ्या. फक्त संध्याकाळी तिला माझ्यासमोर आणून उभी करू नका. उतरताना राजेसाब तिला थोपटतो, ते मला बघवत नाही.