हाकेच्या अंतरावरचे घर

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वाकड्या झाडाखाली मी उभी असते. बॉनेटवर वाळकी पाने साचतात, टपावर पक्षी आपली सही करून जातात. येणारेजाणारे हळहळतात, "बिचारी! कुणी विचारत नाही तिला." मला हसू येते. मी कुणाच्या दारात उभी आहे, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आगेमागे सगळ्या पांढऱ्या आणि करड्या गाड्या. माझ्या वाट्याला मात्र गडद निळा रंग आला. दुकानात काचेमागे नटूनथटून उभी असताना एक उंच बाई आत आल्या. गळ्यात शिट्टी, पायांत पळायचे बूट. मागून कुणी पुरुषमाणूस येतो का, म्हणून विक्रेता दाराकडे बघत राहिला.

"कुणाची वाट बघताय?" बाई म्हणाल्या. "चालवणार मीच आहे."

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. मुले त्यांना पाठीमागे 'शिट्टीबाई' म्हणत आणि ते बाईंना चांगले माहीत होते. त्यांचा आवाज असा, की मैदानावर त्या "थांब!" म्हणाल्या की पळणारे मूल तर थांबायचेच, पण रस्त्याने जाणारा दूधवालाही सायकलवरून उतरायचा. माझ्या मागच्या सीटवर चेंडूंची जाळी असे, खिडकीतून बांबू बाहेर डोकावत असे. मोज्यांच्या वासाबद्दल न बोललेलेच बरे! एकदा हात मोडलेल्या मुलीला आम्ही दवाखान्यात नेत होतो. ती रडत होती. बाईंनी तिला सतराचा पाढा म्हणायला लावला. पाढा अडला, तशी ती पोर रडायचे विसरून रागावली आणि दवाखाना येईपर्यंत बाईंशी भांडत राहिली. अशा माझ्या बाई. त्यांना कुठे जायचे तर कुणाला विचारावे लागत नसे. किल्ली घेतली की निघाल्या.

मग माझ्या अंगावर ओरखडे उठू लागले. आधी फाटकाचा खांब लागला, मग डाव्या बाजूचा आरसा मोडला. बाई म्हणायच्या, "हा खांब काल इथे नव्हता." एके दिवशी रस्त्याच्या कडेने येणारी सायकल त्यांना अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसलीच नाही. मी कचकन थांबले, सायकलवाला वाचला. त्याच आठवड्यात बाई धाकट्या भावाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या आणि माझ्या डाव्या दाराने आत बसल्या. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही आणि ते आता परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. गाडी बंद. बाईंनी किल्ली भावाच्या हातात ठेवली आणि घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही.

भावाला त्या 'धाकट्या' म्हणतात. तो छापखान्यात काम करतो, त्याची बायको रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांची मुलगी इतकी हळू बोलायची, की सगळे तिला 'चिमणी' म्हणत. धाकट्याने ठरवले, "ताई, आता एकत्रच राहू. मोठं घर बघू." बाई म्हणाल्या, "बघू. पण मला कुलपात ठेवायचं घर नको."

दर रविवारी आम्ही घरे बघायला निघू लागलो. धाकट्याने गिअर टाकला की माझ्या पोटात कळ यायची; पण सांगते कुणाला?

गावाबाहेरचे एक घर तर माझ्या मनातच भरले. ऐसपैस खोल्या, मागे अंगण आणि खास माझ्यासाठी पत्र्याचे छप्पर! दलाल हात चोळत म्हणाला, "इथून सगळं जवळ आहे. बाजार, दवाखाना, सगळं पाच मिनिटांवर."

"गाडीनं की पायांनी?" बाईंनी विचारले.

दलाल हसला. "अहो, इथे चालतं कोण?"

"मी चालते," म्हणून बाई फाटकाबाहेर पडल्या. बाहेर हमरस्ता. पायवाट नाही, झाड नाही. मालाच्या गाड्या सुसाट जात होत्या आणि त्या येताहेत हे बाईंना त्या अगदी समोर आल्यावरच कळत होते. थोड्याच वेळात त्या परत आल्या. चेहरा उतरला होता. "घर छान आहे रे," त्या धाकट्याला म्हणाल्या, "पण इथे सुई आणायची तरी मला तुझी वाट बघावी लागेल." माझे छप्पर तिथेच राहिले.

मग आम्ही इथे आलो. घर पहिल्या मजल्यावर, खोल्या आटोपशीर. खाली गाडी ठेवायला जागा नाही, फक्त रस्त्याची कड आणि हे वाकडे झाड. मी नाक मुरडले. हा दलाल मितभाषी होता. तो एवढेच म्हणाला, "तलाव हाकेच्या अंतरावर आहे."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग हाक मारून बघू."

दलालाला वाटले, बाई थट्टा करताहेत. बाई कधीच थट्टा करत नव्हत्या असे नाही, पण हे त्या मनापासून म्हणत होत्या. धाकटा म्हणाला, "ताई, तुझी हाक तर पलीकडच्या काठाला जाईल."

"म्हणून माझी नको. चिमणी मारेल."

चिमणी सज्जात उभी राहिली. बाई झाडांच्या रांगेखालून चालत तलावाकाठच्या बाकापर्यंत गेल्या. फरसबंद वाट, वाटेत एकही रस्ता ओलांडायचा नाही. मी इकडून सारे बघत होते. चिमणीने हाक मारली, "आत्या." ती हाक माझ्या टपापर्यंतसुद्धा पोचली नाही. दलाल खाली बघू लागला.

"अगं, पोटातून!" आईने तिला सांगितले.

"आत्याऽ!"

तलावाकाठी बाईंनी हात वर केला. मग तशाच पुढे निघाल्या. वाण्याच्या दुकानात डोकावल्या, वाचनालयाच्या पायऱ्या चढून उतरल्या, चांभाराशी दोन शब्द बोलल्या, आणि हातात भाजीची जुडी घेऊन परत आल्या. घर अजून घेतले नव्हते आणि भाजी घेऊन झाली होती!

"सगळं खरं, पण गाडी कुठे ठेवायची?" धाकट्याने विचारले.

"गाडीसाठी घर घ्यायचंय की आपल्यासाठी?"

मला राग यायला हवा होता. पण बाईंच्या चेहऱ्यावर तो जुना, किल्ली घेऊन निघतानाचा भाव मी पाहिला आणि माझा राग विरघळला.

पहिल्याच सकाळी बाई सवयीने गळ्यात शिट्टी अडकवून एकट्या फिरायला निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "येते गं." मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी मला असे कधी म्हटले नव्हते. म्हणणार कशा? जिथे त्या जायच्या तिथे मीही असायचेच. मला भरून आले.

या वस्तीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. चिमणी पायी शाळेत जाते. वाटेत मैत्रिणी भेटतात, आणि त्यांच्यात आपले म्हणणे ऐकू यायचे तर आवाज चढवावाच लागतो. तिची आई तलावाच्या काठाकाठाने रुग्णालयातून चालत येते. म्हणते, "अर्ध्या वाटेतच थकवा उतरतो." धाकटा बसने छापखान्यात जातो आणि त्याचा पट्टा एक भोक आत गेला आहे. बाईंना तर वाणी, चांभार, वाचनालयातल्या मुली, सगळे ओळखतात. कडेचे दिसत नाही म्हणून काय झाले? परत येताना त्यांना रस्त्याच्या शेवटी समोर माझा निळा रंग दिसतो, की तिथे वळायचे. मी उभ्या जागी त्यांना घरी आणत होते.

पण या सुखात एक गोष्ट राहून गेली. मला कुणी सुरूच करेना. आज करू, उद्या करू करता करता माझी बॅटरी मरून गेली, हे कुणाला कळलेच नाही.

आणि एका सकाळी तलावावरून धुके आले. असे दाट, की समोरचे झाडही दिसेना. बाई फिरायला गेलेल्या, घरात एकटी चिमणी. बराच वेळ झाला तशी ती खाली धावत आली. धुक्यात निळा रंग कसा दिसणार? तिने माझे दार उघडले आणि हॉर्न दाबला.

खट्ट.

पुन्हा दाबला. मित्रांनो, मी जीव एकवटला, पण घशातून आवाज निघेना. बाईंना माझी एकदाच खरी गरज पडली आणि मी मुकी!

चिमणी माझ्या दारापाशी उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला.

"आत्याऽऽऽ!"

वाकड्या झाडावरचे पक्षी उडाले. धुक्यात सगळे शांत. आणि मग दुरून आवाज आला: शिट्टीचा. चिमणीने पुन्हा हाक मारली, पुन्हा शिट्टी आली. हाक आणि शिट्टी, हाक आणि शिट्टी, आणि धुक्यातून हळूहळू एक उंच आकृती पुढे आली. चिमणी धावत जाऊन तिला बिलगली.

"आधीच का नाही वाजवलीस?"

"मला वाटलं, उतरेल धुकं. बाकावर बसून राहिले," बाई म्हणाल्या. "तू हाक मारलीस, मग ओ द्यायला नको?" पण घरात जाण्याआधी त्या माझ्यापाशी थांबल्या. बॉनेटवर ठेवलेला हात त्यांनी लवकर उचलला नाही.

संध्याकाळी धाकटा माझे बॉनेट उघडून मेकॅनिकची वाट बघत उभा होता. बाई शेजारी होत्या. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, उद्यापासून एकटीनं जायचं नाही."

बाई गप्प. शिट्टीबाईंना असे गप्प बसलेले मी दुसऱ्यांदा पाहिले, आणि पहिली वेळ तुम्हाला ठाऊक आहे.

"बाबा," चिमणी म्हणाली, तीही अगदी ठणठणीत आवाजात, "हाक पोचली ना?"

धाकट्याने मान वर केली.

"मग? आपण घर घेताना तेवढंच तर बघितलं होतं."

त्याने बॉनेट खाली केले. हात पुसले. मग म्हणाला, "बॅटरी नवी बसवू. हॉर्नपण लागेलच कधीतरी."

मित्रांनो, घर निवडाल तेव्हा खोल्या जरूर मोजा; पण एकदा पायी फिरून या, आणि घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला बरोबर घ्या. आणि माझ्यासारखी एखादी म्हातारी दारात उभी असेल, तर तिला अधूनमधून सुरू करत जा. रोज नको, पण विसरू नका.

दुसऱ्या दिवशी आकाश निवळले होते. जिन्यात बुटांचा आवाज आला. वर सज्जात चिमणी, खाली मी. बाई माझ्यापाशी आल्या, गळ्यातली शिट्टी चाचपली, माझ्या अंगावरची पाने झटकली.

"येते गं," त्या म्हणाल्या, आणि एकट्या तलावाकडे चालू लागल्या.