वकिलाचा मागचा डावा

वकील नावाचा घोडा लंगडतच हॉस्पिटलच्या आवारात शिरला, तेव्हा धाकट्या डॉक्टरला पहिला संशय स्वतःच्या हातांचा आला.

दहा आठवड्यांपूर्वी तिने त्याच्या मागच्या डाव्या गुडघ्यात दुर्बीण घालून हाडाची एक सुटी कपची काढली होती. घोड्याचा मागचा गुडघा वर पोटाशी दडलेला असतो. लोक ज्याला गुडघा समजतात तो घोटा निघतो. ज्या जनावराचा गुडघाच फरार असतो त्याच्याशी जपून वागावं, असं तिचं मत होतं. तरी ऑपरेशन झकास झालं होतं. तिने एकटीने केलेलं पहिलंच. थोरले डॉक्टर, म्हणजे तिचे सख्खे काका, हात मागे बांधून उभे होते आणि एकदाही खाकरले नव्हते. काकांच्या हिशेबात ही शाबासकी.

आज ते खाकरले.

"आत एखादा तुकडा राहिलाय."

"नाही राहिला, काका. एक्स-रे बघा ना."

"बघितला. तोही काहीतरी लपवतोय असं वाटतं."

घोड्याच्या मालकीणबाईंनी मान डोलावली. "आमच्या सासूबाईंच्या पोटात असाच कापसाचा बोळा राहिला होता. बोळा निघाला, पण पुढे वीस वर्षं भांडणाला कारण बोळाच."

"गुरुवारी परत उघडू," काका म्हणाले. "आणि आता दुर्बीण मी धरेन."

ह्या 'आता'चा अर्थ 'इथून पुढे कायम' असा होता, हे पुतणीला लहानपणापासून ठाऊक होतं. लहानपणी पतंगाच्या बाबतीत हेच झालं होतं. शिवाय पाचशे किलोचं जनावर भुलीतून उठताना धडपडलं, तर धडधाकट तीन पायही हातचे जातात. म्हणजे गुरुवारपर्यंत तीन दिवस होते आणि गुन्हेगार मोकळा होता.

सोमवारी तिने वकिलाच्या गुडघ्यात तो बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दुखणं तिथलं असेल तर लंगडणं थांबायला हवं. मामांनी दोरी धरून त्याला सिमेंटच्या पट्टीवर पळवलं. मामा म्हणजे घोडा सांभाळणारे मालकीणबाईंचे मोतद्दार. ऑपरेशननंतर कागदावर लिहून दिल्याबरहुकूम त्यांनीच त्याला सकाळ-संध्याकाळ चालवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती दोरी दिली की वकील चावायचा.

वकील लंगडला.

"सुई चुकली असेल," म्हणत मंगळवारी काकांनी स्वतः टोचली. आधी खूर, मग घोटा, मग गुडघा. वकील तसाच लंगडला.

मग तिचा संशय औषधावर गेला. तिने दोन थेंब स्वतःच्या ओठाला चोळले आणि पुढचा अर्धा तास काकांशी बोबडं बोलली. औषध चोख होतं.

"म्हणजे दुखत काहीच नाही आणि लंगडतोय," काका म्हणाले.

"सोंग करतोय मेला," मालकीणबाई म्हणाल्या.

"घोडा सोंग करत नाही, बाई."

"ह्याला वकील काय उगाच म्हणतो आम्ही?"

वकील तिघांकडे आळीपाळीने बघत होता, उलटतपासणी घेतल्यासारखा.

बुधवारी दुपारी ती डबा खाता खाता पळवतानाचा व्हिडिओ चाळिसाव्यांदा बघत होती. असले व्हिडिओ मागून काढतात, आणि बघणाऱ्याची नजर घोड्याच्या पुठ्ठ्यांवरून हलत नाही. शिक्षणच तसं असतं. पण डब्याचं झाकण घसरून फोनवर टेकलं आणि नेमका घोडा झाकला गेला. कडेला उरला फक्त एक बूट. तो बूट टेकायचा, कचरायचा, घाईने उचलायचा. डावा.

हात धुवायला न थांबता ती बाहेर आली.

"मामा, घोडा इथे बांधा आणि एकटे पळून दाखवा."

"मी? अहो ताई, पेशंट हा आहे."

"पळा तर खरं."

मामा पळाले. काका सवयीने मागे जाऊन उभे राहिले, मालकीणबाईंनी चष्मा लावला.

"डावा," काका खाकरून म्हणाले. "लंगडणं पाचापैकी दोन."

मामांनी टोपी काढली. "बाईंना कळू द्यायचं नव्हतं. म्हटलं, लंगडा मोतद्दार कोण ठेवेल."

"काढून टाकू तुम्हाला?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग ह्याला कोण, मी पळवू?"

कुणीतरी पळवायला हवंच होतं. तिने दोरी घेतली. पहिली दहा पावलं वकील लंगडला. मग त्याने तिच्या पावलांकडे बघितलं, पाऊल जुळवलं आणि तिची बाही दातात धरून पट्टीच्या टोकापर्यंत सरळ पळत गेला. जाताना सरळ, येताना सरळ. बाही मात्र परत मिळाली नाही.

"दहा आठवडे शेजारी जे बघितलं ते शिकला," ती धापा टाकत म्हणाली. "गुडघा ठीक आहे, काका."

गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. काकांनी मामांना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

आठवड्याने मामा मोठं पाकीट घेऊन आले. काकांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. मामांचा गुडघा नवाकोरा होता.

"मामा, लंगडायला कधीपासून लागलात?"

"झाली असतील दोन वर्षं."

"आणि वकील?"

मामांनी बोटं मोजली. "त्याच्या जरा आधीपासून. म्हणजे, मी रोज त्याच्याच शेजारी चालतो ना."

खिडकीबाहेर वकील उभा होता, चारही पायांवर सारखा भार देऊन, आपला काही संबंध नसल्यासारखा.

तिने व्यायामाचा जुना कागद काढला, वरचं 'घोडा' खोडून 'मामा' लिहिलं. कडक जमीन, सरळ रेषा, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं.

"दोरी कोण धरणार?" मालकीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

काका दारापर्यंत गेले आणि थांबले. "पुढच्या गुरुवारी एक घोडी येतेय. मागचा उजवा गुडघा. दुर्बीण तू धर."

"मी एकटी?"

"एकटी." ते खाकरणार होते, पण त्यांनी गिळलं. "फक्त आधी तिच्या मालकाला पळवून बघ."