विहिणीचं कापड

वसंतात आमची तांबडी गाय मेली. पोट फाडून पाहिलं तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा हा एवढा गोळा. माझी सून नुरझादा तिथेच उभी होती. संध्याकाळी तिने घरातल्या सगळ्या पिशव्या माझ्यापुढे आणून ठेवल्या आणि म्हणाली, "आई, आता या घरात अशी पिशवी येणार नाही."

"बरं," मी म्हटलं. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

पण उन्हाळ्यात नातू चालायला लागला आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायांना दोरा बांधून तो कापायची मेजवानी ठरली. आमच्या नारीनच्या डोंगराळ मुलखात पाहुणा रिकाम्या हाताने परतला तर यजमानाचं नाक कापलं जातं. वाट्याचं मटण, कणकेचे तळलेले बोरसोक, मिठाई, सगळं पिशवीत बांधून द्यायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याच पिशव्या ओढ्याकाठच्या झुडपांना लोंबत असतात.

"पाहुण्यांच्या काय ओंजळीत घालणार आहेस मटण?" मी विचारलं.

"कापडी पिशव्या शिवते. आत कागद घालू." तिची नजर माझ्या संदुकीवर होती.

आमच्याकडे लग्नाकार्यात बायका एकमेकींना कापड देतात. ते कोणी शिवत नाही. संदुकीत पडतं आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या घरी जातं. पथ्य एकच, ज्या घरून आलं त्या घरी परत जाता कामा नये. कुठलं कोणाचं हे माझ्या डोक्यात पक्कं असतं, पण सुनेला ते कसं कळावं? मी कोपरापर्यंत कणकेत होते. "घे हवं ते," म्हणाले आणि मोकळी झाले.

मेजवानी झक्क झाली. निघताना नुरझादा एकेकाच्या हातात भरलेली पिशवी देत होती. माझ्या लेकीची, बेगिमायची, सासू शायीरबुबू तळ्याकाठच्या गावाहून आली होती. लेकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि या बाईची जीभ म्हणजे वस्तरा. तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिरव्यावर सोनेरी फुलं. साखरपुड्यात तिने स्वतः माझ्या खांद्यावर घातलेलं कापड. दिलेला मान तोंडावर फेकणं याहून वेगळं काय असतं? बेगिमायनेही ते ओळखलं होतं.

विहिणीने पिशवी उलटसुलट केली. "हे कापड कुठलं हो?"

धरणीमाते, पोटात घे. खोटं सुचलं असतं तर बोलले असते. "तुमचंच आहे, विहीणबाई. सुनेला ठाऊक नव्हतं. चूक माझी. माझ्या लेकीला बोल लावू नका."

तिने पिशवीचा कोपरा उजेडात धरला. तिथे चहाचा फिकट डाग होता. "हा माझ्या नणंदेच्या हातचा. तिला ते तिच्या जावेने दिलं होतं. फिरून फिरून भोपळे चौकात. मला हा रंग बघवत नव्हता, म्हणून तुमच्या गळ्यात मारलं." आणि ती पोट धरून हसायला लागली. "बरं झालं बाई, कोणीतरी एकदाची कात्री चालवली. सूनबाई, आणखी दोन बोरसोक घाल, पिशवीत जागा आहे."

माझा जीव भांड्यात पडला. बेगिमाय बोरसोकांचं ताट घेऊन पुढे आली.

पंधरवड्याने बेगिमाय माहेरी आली. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून विहिणीने जर्दाळू पाठवले होते. पण पिशवी ती हिरवी नव्हती, निळ्या मखमलीची होती. सबंध सकाळ बाजारात घासाघीस करून लग्नात विहिणीला द्यायला मी घेतलेली मखमल.

"सासूबाईंनी संदूक उघडली," बेगिमाय म्हणाली. "पहिली कात्री यालाच. म्हणाल्या," आणि तिने कमरेवर हात ठेवून सासूचा आवाज काढला, "'विहिणीला कळवा, आता फिट्टंफाट झाली.'"

काळजात जरा कळ आली, नाही असं नाही. चांगली मखमल होती. पण लग्न झाल्यापासून लेक माझ्यापुढे सासूचं नाव काढताना शब्द तोलून मापून बोलायची. त्या दिवशी ती नक्कल करून करून हसली, नुरझादाही हसली.

त्या पिशवीतून मी आता पाव आणते.