पाटावरचा हत्ती

मागून येऊन कुणीतरी भानुमतीबाईंचे डोळे झाकले. "ओळखा पाहू!"

हातांना महागड्या सेंटचा वास होता, पण आवाज तोच. "मयुरा! अगं, फाटकातून सरळ चालत आत येणं तुला कधी जमलंच नाही." बाई वळल्या आणि मयुराने वाकून नमस्कार केला. मग तिला जवळ घेताना बाईंना भरूनच आलं.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांतल्या मराठी बाबूंच्या मुलींसाठी काढलेली ही शाळा. एके काळी एका बाकावर चौघी-चौघी बसायच्या. पुढे बाबू निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि त्यांच्या मुली लग्न करून गुडगावच्या नव्याकोऱ्या सोसायट्यांत. शाळेत मराठीचा एकेक वर्ग हिंदीत मिसळून गेला. बाईंनी नवरात्रातला भोंडला मात्र सोडला नाही. त्या दरवर्षी माजी विद्यार्थिनींना फोन करायच्या. फोनवर एकीच्या सासूचे गुडघे, दुसरीच्या नवऱ्याची नवी नोकरी, सगळ्याची चौकशी व्हायची. मुलीही माहेरी यावं तशा यायच्या.

यंदा त्यांच्या येण्यावर फार काही अवलंबून होतं. एप्रिलात मराठी पहिलीला पुरेशा मुली आल्या नाहीत तर मराठीचे सगळेच वर्ग बंद, असं कमिटीने ठरवलं होतं. "माजी विद्यार्थिनी एवढा जीव टाकतात ना शाळेवर? मग त्यांच्या मुली येऊ देत," मुख्याध्यापिका लतिका म्हणाली होती. तीही बाईंच्याच हाताखाली शिकलेली. बोलताना ती टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिली होती.

बाईंची सगळी भिस्त मयुरावर होती. शाळेत असताना मयुराने डबा उघडला की बाकीच्या उघडायच्या. तिने लेकीचं नाव घातलं की बाकीच्या मागोमाग येतील, असा बाईंचा हिशेब.

अंगण भरून गेलं. मधोमध पाट, पाटावर बाईंनीच कधीकाळी रंगवलेला हत्ती आणि भोवती जरीच्या साड्यांचं कडं. बाहेर रामलीलेचा भोंगा कोकलत होता, पण गाण्यांपुढे त्याचं काही चालेना. कॅन्टोन्मेंटातल्या एका जवानाची बायको, सखुबाई, पदर आवळून भिंतीशी उभी होती. तिची सुनयना यंदा पहिलीत होती.

"लई बाया आल्या की वो बाई! म्हंजी वर्ग बंद पडत न्हाई न्हवं?"

"बघू या हं," बाई म्हणाल्या. पण आतून त्या केव्हाच हरखल्या होत्या.

खिरापतीच्या डब्याचं झाकण, आतलं काय ते ओळखल्याशिवाय उघडायचं नाही. लहानग्यांनी तोंड उघडायच्या आत मयुराच ओरडली, "वाटली डाळ!" सगळ्या खो खो हसल्या.

तिच्या हातात डाळीची बशी देताना बाईंनी विचारून टाकलं. "लेकीला पाठवशील ना गं आपल्या पहिलीत?"

मयुराचा घास तोंडातच राहिला. "बाई... एवढ्या लांब कशी येणार हो ती? तिकडे सोसायटीच्या गेटवर स्कूलबस येते. आणि ह्यांनी ॲडमिशन करूनसुद्धा टाकलीय." बाईंचा चेहरा बघून तिने घाईघाईने त्यांचा हात धरला. "पण भोंडला नाही हं बंद पडू द्यायचा, बिल्कुल नाही! आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पुढच्या वर्षी आमच्या क्लबहाउसमध्ये. पार्किंग आहे, सगळं आहे. तुम्ही चीफ गेस्ट. गाडी पाठवते ना मी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि बाई, हा पाट द्या ना. आत्ताच नेते. ह्याच्याशिवाय भोंडला कसला?"

बाईंनी लतिकाकडे पाहिलं. ती रिकाम्या बशा एकात एक घालत होती. रागवायचं तरी कुणावर? पोरी खोटं बोलत नव्हत्या, त्यांचा जीव होताच. इतकी वर्षं बाई नातं जोडत राहिल्या आणि ते पक्कं जुळलंही होतं. फक्त आता त्याला शाळा लागत नव्हती.

"ने," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यांना सांभाळ. रंग उडतो."

पाट डिकीत मावेना. तेव्हा तो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, मयुराच्या लेकीशेजारी ठेवला. गाड्या एकामागून एक निघाल्या. सगळ्या काचेतून हात हलवत होत्या. बाईही हात हलवत राहिल्या.

"हत्ती कुठं निघाला वो, बाई?" सखुबाईने विचारलं.

"गुडगावला."

वर्गाचं तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुनयना आणि वर्गातल्या आणखी दोघी बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. पहिलीत तिघीच तर होत्या. "बाई, आजबी भोंडला?"

नवरात्र अजून सरलं नव्हतं. बाई अंगणात बसल्या आणि खडूने फरशीवर सवयीने भला मोठा हत्ती काढला, पायांत घुंगरू, पाठीवर झूल. तिघींनी हात धरून त्याच्याभोवती कडं करायला घेतलं. ओढाओढ झाली, एकीचा पाय सोंडेवर पडला.

"बाई, आमचं हात पुरंनात."

बाईंनी पदराने हत्ती पुसला आणि लहान काढला.