पहिल्या वेचणीचा तास

कंपनीचं नाव 'वेचणीताई'. ताईच्या नावानं चालणाऱ्या या कंपनीत माणसं चौसष्ट, त्यांत बाया अकरा. आणि खुद्द ताईचं जे चित्र भिंतीभर रंगवलं होतं, नऊवारीतली, गालाला खळी पडलेली, तिच्या हातात होता विळा. कापूस विळ्यानं कापत नाहीत, बोटांनी वेचतात, बोंडाच्या टोकांनी नखाजवळची कातडी फाटते, हे बबिता राठोडनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिची आई सुखीबाई दिग्रसजवळच्या तांड्यावरून वेचणाऱ्या बायांची टोळी नेते. तिच्या लेकीला हे ठाऊक नसायचं तर कोणाला? त्यावर कंपनीची विक्री बघणारा प्रफुल गावंडे म्हणाला, "पुण्याच्या पाहुण्याइले काय मालूम पडते? विळा दिसला की शेती वाटते."

विळा राहिला.

काम मात्र उपयोगाचं होतं. शेतकऱ्यानं फोनवर टोळी मागवायची, टोळीच्या म्होरकीला निरोप जायचा, तिनं होकार दिला की टोळीतल्या सगळ्या बायांच्या फोनवर निरोप आणि सकाळी गाडी तांड्यावर. दोन वर्षांत कंपनी दारव्हा, दिग्रस, घाटंजी असे तालुके घेत यवतमाळात तीन मजले चढली. ज्या बायांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोननं निरोप मोठ्यानं बोलून दाखवायचा, ही सोय बबितानं लिहिलेली. मागचे आठ महिने सगळा तांत्रिक कारभारही तीच ओढत होती. फक्त तिला प्रमुख म्हणत नव्हते. ती खुर्ची रिकामी होती. सोमवारी पुण्याहून पैसे लावणारे पाहुणे येतील, त्यांच्यासमोर तांत्रिक प्रमुखाचं नाव जाहीर करू, असं मालक घनश्याम यांनी सांगून ठेवलं होतं. बबिता आईला सांगून बसली होती, की खुर्ची मलाच मिळणार.

आता या कंपनीत निर्णय कुठं होत? मीटिंगसाठी काचेची खोली होती. तिच्यात वाढदिवसाचे केक कापत. निर्णय होत दुपारी चार वाजता, रस्त्यापलीकडच्या चहाटपरीवर, तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत, बाप्या माणसांत. एकदा बबिता आणि तक्रारींचे फोन घेणारी निलोफर मुद्दाम खाली गेल्या. त्यांना पाहताच कामाचं बोलणं थांबलं आणि क्रिकेट सुरू झालं. घनश्याम लगबगीनं पुढं आले. "अवो, तुम्ही उन्हात कायले आल्या? चहा वर पाठवतो ना."

दुसऱ्या दिवसापासून चहा खरंच वर येऊ लागला. बिस्किटांसकट.

"घ्या," निलोफर म्हणाली, "आपली इज्जत वाढली. आता खाली जायचं कामच नाही राह्यलं."

महिला दिनाला अकराही जणींना एकेक गुलाब मिळाला, त्याचा फोटो कंपनीच्या पानावर झळकला, आणि खाली घनश्यामांनी लिहिलं की आमच्याकडं स्त्रीशक्तीचा सन्मान होतो. उपासाच्या दिवशी हॉटेलात भजी खायची आणि तेल शेंगदाण्याचं होतं म्हणून उपास मोडला नाही असं सांगायचं, तसला हा सन्मान.

शुक्रवारी साडेचारला शेजारच्या टेबलावरचा अरसलान टपरीवरून परत आला तो बबिताकडं न बघताच बसला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अरसलान."

"पहिल्या वेचणीचा तास काढून टाकला," तो हळूच म्हणाला. "प्रफुलनं. सगळे हो म्हणाले. मी बी काही बोललो नाही."

बबिताचे हात थांबले. आपल्याकडं पहिल्या वेचणीला कोणी थेट कापसाला हात घालत नाही. आधी सीतादही होते. बाया शेतात सात खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, कापसाचं वस्त्र घालतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग पहिलं बोंड वेचतात. त्याला तासभर लागतो. म्हणून बबितानं प्रणालीत पहिल्या वेचणीच्या शेतासाठी एक तास सोडला होता. एरवी नियम कडक होता: टोळी पोचल्यापासून वीस मिनिटांत कापसाची नोंद झाली नाही, तर काम आपोआप रद्द.

ती तडक प्रफुलकडं गेली. "सोमवारचं दारव्ह्याचं शेत पहिल्या वेचणीचं आहे. सीतादही होईल. काम रद्द होईल."

"देवधर्म घरी करायचा न," प्रफुल म्हणाला. "अन् एकदा रद्द झालेली टोळी त्या दिवशी पुन्हा लागणार नाही, हे बी टाकाले लावलं मी. शिस्त पाह्यजे. तू आईले सांगून दे, त्या दिवशी नका करू म्हणून. टोळी तिचीच आहे ना?"

"मी नाही सांगणार. तुमचा नियम आहे, तुम्ही सांगा."

"पाहा," प्रफुल बाकीच्यांकडं बघून हसला, "म्हणूनच म्हणतो मी, बाया लवकर भावनिक होतात."

ज्यानं आयुष्यात कापसाचं एक बोंड हातात धरलं नव्हतं, तो वेचणीची शिस्त लावत होता, आणि भावनिक ठरली ती.

शनिवारी घनश्यामांनी तिला बोलावलं. आवाजात तूप होतं. "बबिता, तू तं घरची. तुले सांगायले काय लाजायचं? प्रफुलले प्रमुख करून राह्यलो."

"त्याला प्रणाली येत नाही, सर."

"तू आहेस ना त्याच्या मागं. अन् उद्या तुह्यं लग्न होईल, तू जाशील. कंपनी कोणाच्या भरवशावर ठेवू?"

"प्रफुलचं बी लग्न व्हायचंच आहे."

"त्याची बायको इथं येईल वो," घनश्याम समजुतीनं म्हणाले. तिला एवढं साधं कळू नये याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "सोमवारी तू छान साडी नेस. पाहुण्याइचं औक्षण तूच कर. तुह्या हातची शोभा येगळीच येते."

सोमवारी सकाळी दारव्ह्याजवळ मारोतरावांच्या शेतात मांडव, खुर्च्या आणि एक भलामोठा पडदा लागला होता. कापूस असा फुटला होता की रान पांढरं दिसत होतं. पाहुणे दोन होते, एक गृहस्थ आणि एक पन्नाशीच्या बाई. बबितानं ताट घेऊन दोघांना ओवाळलं. घनश्यामांनी माईक घेतला आणि प्रफुलचं नाव प्रमुख म्हणून जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. ताट हातात असल्यानं बबिताला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत, एवढीच त्या ताटाची कृपा.

सुखीबाई तेरा बायांना घेऊन आली होती. तिनं रीतीप्रमाणे फोनवर 'पोचलो' दाबलं. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. प्रफुल पाहुण्यांना इंग्रजीतून ठिपका समजावू लागला.

सुखीबाईनं चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला आणि खडे मांडायला बसली.

प्रफुलचं इंग्रजी अडखळलं. तो बायांजवळ जाऊन कुजबुजला, "मावशी, हे मंग करा. आधी वेचा."

"देवीले थांब म्हणू काय बाबू?" सुखीबाईनं मान वर न करता विचारलं. "तूच सांग तिले. माह्यं नाही ऐकत ते."

बाया खुदकन हसल्या. नैवेद्य दाखवून झाला. सुखीबाई डोळे मिटून हात जोडून बसली होती, तेवढ्यात पडद्यावरचा ठिपका लाल झाला आणि चौदा बायांच्या कमरेच्या बटव्यांतून चौदा फोन एका सुरात, स्वच्छ मराठीत बोलले: "तुमचं काम रद्द झालं आहे. कृपया शेत सोडा."

मग मारोतराव खुर्चीतून उठले. "रद्द? माह्या शेतात देवापुढं बसलेल्या बायाइले हाकलता? कोण हाये तो रद्द करणारा?"

रद्द करणारा फोनवर बोटं आपटत होता. त्याच्याच शिस्तीनं त्याला दार बंद केलं होतं.

सुखीबाईनं नमस्कार पुरा केला, दहीभाताचा प्रसाद सगळ्यांना वाटला, पाहुण्यांनाही दिला, प्रफुललाही दिला. मग कापूस भरायची कमरेची ओटी आवरली आणि म्हणाली, "चला वो बायांनो. नाही म्हंते तं नाही." धुऱ्यापलीकडच्या, बांधाला लागून शेत असलेल्या पूनमसिंगचा कापूसही फुटला होता, तो कधीपासून हाका मारत होता. टोळी ओळीनं चालू लागली.

घनश्याम घामाघूम होऊन बबिताजवळ आले. "आईले परत आण. प्रमुख तूच. शब्द देतो."

"माईकवर सांगा, सर."

"आत्ता कसं? प्रफुलले कसं वाटन? पाहुणे जाऊ दे. उद्या पाहू."

बबितानं त्यांच्याकडं पाहिलं. पाण्याखाली गेला तरी हा माणूस आधी प्रफुलचे बूट कोरडे आहेत का ते बघेल.

पुण्याच्या बाई जवळ आल्या. "काय झालं नक्की? या बायका का गेल्या?"

"काही नाही मॅडम, बाया आहेत," घनश्याम हसले. "रुसल्या जराशा."

"रुसल्या नाहीत," बबिता म्हणाली. "पूजेसाठी एक तास सोडला होता, तो यांनी काढला. मशीननं त्यांना हाकललं."

"आणि तुम्ही कोण?"

बबितानं तोंड उघडण्याआधी घनश्यामांनी उत्तर दिलं. "ही आमची बबिता. स्वागत-सजावट पाहते."

आठ महिने एका वाक्यात पुसून झाले. आणि पुसताना माणसाचा चेहरासुद्धा हलला नाही.

"ही प्रणाली मी लिहिली, मॅडम," बबिता शांतपणे म्हणाली. "तो तासही मीच ठेवला होता. बाकी यांना विचारा. मी आत्तापासून यांच्याकडं नाही." तिनं ताट रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि धुऱ्याच्या दिशेनं निघाली. मागून घनश्याम पाहुण्यांना सांगत होते, "भावनिक आहे पोरगी. येईल परत."

सुखीबाईनं तिला येताना पाहिलं आणि थांबली. "तू कायले आली?"

"सोडली नोकरी, याडी." तांड्यावर आईला याडीच म्हणतात.

"येडी झाली काय?" सुखीबाई भडकलीच. "मले इचारून सोडली? रद्द आमचं झालं, तुह्यं कोणी केलतं?"

"प्रमुख करतो म्हणाले. तुम्हाले परत आणलं तर. गुपचूप."

सुखीबाई पुन्हा चालू लागली.

"अन् प्रमुख झाली असती तं," तिनं विचारलं, "तो तास तू काढला असता?"

"नसता काढला."

"मंग तुले त्याइनं ठेवलंच नसतं." सुखीबाईनं कमरेची जास्तीची ओटी सोडून लेकीच्या खांद्यावर टाकली. "साडी वर खोच पहिले. ते नवी दिसते. बोंडं फाडतीन."

"लवकर या वो!" पलीकडून पूनमसिंग ओरडत होता.