रविवारचा डोंगर

कुत्र्याला न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता, म्हणून मुलीनं सकाळी त्याला डोंगरावर न्यायचं ठरवलं. आई नको म्हणाली नाही. तिनं फक्त त्याची वाटी, पांघरूण आणि अर्धी खाल्लेली चप्पल एका पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली.

लुडबुड्या जेमतेम वर्षाचा होता. पाय एका कुत्र्याचे, कान दुसऱ्याचे आणि भूक तिसऱ्याची. बाबांनी त्याला उन्हाळ्यात आणलं, आणि थंडी पडल्यापासून दर रविवारी त्याला घेऊन ते डोंगर चढायला लागले. हृदय नाजूक म्हणून डॉक्टरांनी बाबांना चढ साफ बंद सांगितला होता. काल दूध पीत होता तो डॉक्टर, असं म्हणत बाबा बूट चढवायचे. परत आले की जेवताना शिखराचं वर्णन: दगडी बाक, एकटं देवदाराचं झाड, खाली गोठलेलं तळं, अगदी दुकानातल्या भिंगासारखं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. त्याच दुकानात, एका मंगळवारी, काउंटरवर डोकं टेकवून ते गेले.

आईनं कुणाला बोल लावला नाही. पण तेव्हापासून कुत्रा खोलीत आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. यानंच त्यांना ओढून ओढून वर नेलं, असं ती एकदाच म्हणाली होती, भांडी घासताना, नळाच्या आवाजात. मुलगी दुसऱ्या गावी भाड्यानं राहायची आणि तिच्या घरमालकाला कुत्री चालत नव्हती. आईजवळ कुणीतरी असावं, आणि ते बाबांनी निवडलेलं असावं, असं तिला फार वाटत होतं. पण बेकरीवाल्याच्या मेहुण्याचं शेत होतं, आणि मेहुण्याला कुत्रा हवा होता. निदान एकदा याच्याबरोबर त्या देवदाराखाली बसून यावं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

पहिल्याच चढावर लुडबुड्यानं बर्फाशी वैर धरलं. तो एका झुडपावर भुंकला, तर झुडपानं सगळा बर्फ त्याच्या डोक्यावर टाकला. आपल्याला हेच हवं होतं, असा चेहरा करून तो पुढे निघाला. मग त्यानं मुलीचा हातमोजा पळवला. परत दिला तेव्हा त्याला अंगठा नव्हता.

पाण्याच्या टाकीपाशी वाटेला फाटा फुटत होता. शिखराची पाटी डावीकडे होती. लुडबुड्या उजवीकडे वळला, तोही कामावर निघालेल्या माणसासारखा, इकडेतिकडे न बघता. मुलीनं ओढलं, तर तो बसला. तिनं समजूत घातली, तर तो आडवा झाला. शेवटी मान आत घेऊन तो पट्ट्यातून सुटला आणि पळाला. मुलगी घसरत, धडपडत त्याच्या मागे.

वाट संपली तिथं हिवाळ्यात बंद असलेल्या रोपवेचं स्टेशन होतं, आणि त्याला चिकटून राखणदाराची खोली. कुत्र्यानं दारावर दोन्ही पंजे आपटले.

"आलो, आलो. इतके रविवार होतात कुठे?" म्हणत राखणदारानं दार उघडलं. लुडबुड्या त्याच्या पायांमधून आत शिरून शेगडीजवळच्या गोणपाटावर पसरला. मग राखणदाराला मुलगी दिसली.

"चष्मेवाले कुठायत?" त्यानं विचारलं.

मुलीनं सांगितलं. ते वाक्य आता तिला न अडखळता यायचं. राखणदार खाली बसला. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुसतच राहिला.

मुलीला कुठेतरी बघायचं होतं म्हणून तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं पर्यटनाचं एक विटकं पोस्टर होतं. दगडी बाक, एकटं देवदार, खाली भिंगासारखं तळं.

"हे झाड..." ती म्हणाली.

"ते केव्हाच पडलं, ताई. पोस्टर जुनं आहे."

बाबांनी मरायच्या आदल्याच रविवारी त्या झाडाला टेकून संत्रं खाल्लं होतं.

मग राखणदारानं सगळं सांगितलं. चष्मेवाले टाकीच्या वर कधी गेलेच नव्हते. शेगडीशी पाय करून दोघं दुपारपर्यंत पत्ते खेळायचे. चष्मेवाले नको ते पान हळूच कुत्र्याच्या पोटाखाली सारायचे, आणि त्याला ते दिसत असूनही तो गप्प बसायचा, कारण चष्मा त्यांनीच दिलेला. निघताना ते दारातल्या बर्फात बूट घोळवायचे आणि थोडा धापा टाकायचा सराव करायचे.

"घाबरले होते हो ते," राखणदार म्हणाला. "डॉक्टर बोलले त्या दिवसापासून. पण घरी डॉक्टरला इतकी नावं ठेवून झाली होती. आता ऐकतो म्हणायचं कुठल्या तोंडानं?"

उतरताना मुलीचा पाय उचलेना. गल्लीभर बाबांचा डोंगर चढणारा माणूस म्हणून बोलबाला होता. सांगावं तर तो मातीत जाणार. न सांगावं तर कुत्रा जाणार. लुडबुड्या मात्र कामावरून सुटल्यासारखा खुशीत पुढे चालला होता.

आई इस्त्री करत होती. मुलीनं सांगायला सुरुवात केली तशी इस्त्री एका जागी थांबली, आणि उशीचा अभ्रा तपकिरी व्हायला लागला.

"एकदाही चढले नाहीत?"

"टाकीच्या वर नाही."

"आणि मी दर रविवारी रात्री त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होते." आईनं इस्त्री उभी केली. "कण्हायचे गं. अगं जरा खाली, तिथं नाही, अंगठ्याजवळ, असं चालायचं."

आईचे खांदे हलायला लागले. मुलगी घाईनं उठली, मग आई हसतेय हे बघून पुन्हा बसली.

"ऐकलं म्हणजे डॉक्टरचं," आई डोळे पुसत म्हणाली. "माझं नाही ऐकलं, पण त्याचं ऐकलं. लबाड माणूस."

बेल वाजली. बेकरीवाल्याचा मेहुणा नवा कोरा दोर घेऊन दारात उभा होता. मुलगी पुढे होणार, तेवढ्यात आई तिच्या आधी पोचली.

"अहो भाऊ, तुम्ही आलात आणि नेमका तो आजारी पडला बघा. सकाळपासून मान वर करत नाहीये. डॉक्टर म्हणाले, कुठ्ठे हलवू नका."

घरात थापा मारणारे आपण एकटेच, अशी बाबांची शेवटपर्यंत समजूत होती.

मेहुणा हळहळला. तेवढ्यात आतून लुडबुड्या सुसाट आला, त्यानं मेहुण्याच्या हातातला दोर हिसकावला आणि खुर्ची पाडून, टेबलाखालून, पुन्हा आत पसार झाला. मेहुण्यानं रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"ताप डोक्यात गेला की असंच होतं," आई म्हणाली.